बंधनऊर्जेचं गणित नेमकं कुठे चुकतं: वस्तुमान तुटीपासून विखंडनापर्यंत, टप्प्याटप्प्याने

बारावीच्या भौतिकशास्त्रात बंधनऊर्जेचं गणित सोपं समजलं जातं. बेरीज, वजाबाकी, एक गुणाकार, एक भागाकार, संपलं. तरी ते हमखास चुकतं, आणि चूक बहुतेकदा आकडेमोडीत नसते. आपण उघडं केंद्रक मोजतोय की इलेक्ट्रॉनांसकट अख्खा अणू, हे न ठरवताच आकडे मांडले जातात. मग पुढचं सगळं नीट करूनही उत्तर चुकतं, आणि ते चुकीचं उत्तर दिसायला अगदी बरोबर दिसतं. हीच खरी अडचण आहे.

म्हणून टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. सरावासाठी हेलियम-४, चुका पकडायला लोह-५६ आणि शेवटी युरेनियम-२३५ घेऊ. वस्तुमानाचं एकक ‘यू’, म्हणजे कार्बन-१२ च्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. ऊर्जेचं एकक एमईव्ही, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

टप्पा १: दिशा आधी पक्की करा

बंधनऊर्जा म्हणजे केंद्रकात साठवलेली ऊर्जा, हा समज सर्वांत आधी काढून टाका. सुटे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र येऊन केंद्रक बनलं तेव्हा जी ऊर्जा बाहेर निघून गेली, ती बंधनऊर्जा. ते केंद्रक पुन्हा पूर्ण सुटं करायचं तर तेवढीच ऊर्जा बाहेरून घालावी लागते. विहिरीत पडलेली कळशी डोळ्यापुढे आणा. कळशी जितकी खोल, तितका दोर जास्त ओढावा लागणार. बंधनऊर्जा ही ती खोली आहे.

एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून ड्यूटेरॉन बनतो, तेव्हा सुमारे २.२२ एमईव्हीचा गॅमा किरण बाहेर पडतो. ड्यूटेरॉनचं वस्तुमान त्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं ते यामुळेच: कमी पडलेलं वस्तुमान गॅमाबरोबर निघून गेलं. हीच वस्तुमान तूट. कण एकही हरवलेला नाही. आधी दोन न्यूक्लिऑन (म्हणजे केंद्रकातले कण, प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) होते, नंतरही दोनच आहेत.

*पडताळा:* ‘ज्या केंद्रकाची बंधनऊर्जा जास्त, त्यातून जास्त ऊर्जा काढता येते.’ हे विधान तुम्हाला बरोबर वाटत असेल, तर पुढे जाऊ नका, हा टप्पा पुन्हा वाचा. प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा जिथे सर्वाधिक आहे, त्या लोह-निकेलच्या आसपासच्या केंद्रकांतून विखंडनानेही (केंद्रक फोडून) ऊर्जा मिळत नाही आणि संमीलनानेही (केंद्रकं जोडून) नाही. ती आधीच तळाशी आहेत.

टप्पा २: आकडे जमवा, सहा दशांशांसकट

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हे आधी लिहून ठेवा:

प्रोटॉन: १.००७२७६ यू
न्यूट्रॉन: १.००८६६५ यू
इलेक्ट्रॉन: ०.०००५४९ यू
हायड्रोजन-१ चा अणू: १.००७८२५ यू
हेलियम-४ चा अणू: ४.००२६०३ यू
लोह-५६ चा अणू: ५५.९३४९३६ यू
१ यू = ९३१.४९४ एमईव्ही (परीक्षेत ९३१.५ चालतं)

वस्तुमान तूट म्हणजे दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांमधला इवलासा फरक. आकडे आधीच तोकडे केले तर तो फरकच नाहीसा होतो. ड्यूटेरियममध्ये, म्हणजे ड्यूटेरॉन हे केंद्रक असलेल्या अणूत, हे चांगलं दिसतं. पूर्ण आकडे घेतले तर १.००७८२५ + १.००८६६५ − २.०१४१०२ = ०.००२३८८ यू, म्हणजे २.२२ एमईव्ही. तीन दशांशांवर आणून केलं तर १.००८ + १.००९ − २.०१४ = ०.००३ यू, म्हणजे २.७९ एमईव्ही. उत्तर पंचवीस टक्क्यांनी फुगलं, आणि वजाबाकी मात्र दोन्हीकडे बिनचूक आहे.

*सावध:* आवर्तसारणीतलं अणुवस्तुमान इथे वापरू नका. तिथे लोहापुढे ५५.८४५ लिहिलेलं असतं. ती निसर्गात सापडणाऱ्या लोहाच्या सगळ्या समस्थानिकांची सरासरी आहे. आपल्याला हवं ते एका समस्थानिकाचं, लोह-५६ चं वस्तुमान.

*सावध:* अणुवस्तुमानांक म्हणजे वस्तुमान नव्हे. ५६ ही न्यूक्लिऑनांची संख्या आहे, पूर्णांक आहे, तिला एकक नाही. वजाबाकीत ५५.९३४९३६ च्या जागी ५६ घातले तर प्रति न्यूक्लिऑन ७.७१ एमईव्ही येतं. बरोबर उत्तर ८.७९ आहे. ७.७१ हा आकडा ‘शक्य’ वाटतो, म्हणून ही चूक सहज निसटते.

याच गोंधळाचं एक लाडकं रूप कार्बन-१२ मध्ये भेटतं. त्याच्या अणूचं वस्तुमान व्याख्येनेच बरोबर १२ यू आहे, म्हणून त्याची वस्तुमान तूट शून्य असं पुष्कळजण धडधडीत लिहितात. तूट मोजायची ती सुट्या कणांच्या बेरजेशी तुलना करून, अणुवस्तुमानांकाशी नव्हे. सहा हायड्रोजन अणू आणि सहा न्यूट्रॉन मिळून १२.०९८९४० यू होतात. तूट ०.०९८९४० यू, बंधनऊर्जा ९२.१६ एमईव्ही.

टप्पा ३: इलेक्ट्रॉनांचा हिशेब

इथे घाई करू नका. निम्म्याहून जास्त चुका याच टप्प्यातल्या असतात.

वस्तुमानाच्या कोष्टकांत जवळजवळ नेहमी अख्ख्या अणूचं वस्तुमान दिलेलं असतं, म्हणजे त्यात इलेक्ट्रॉनही आले. बंधनऊर्जा मात्र केंद्रकाची हवी असते. मग इलेक्ट्रॉनांचं काय करायचं? दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती दोन्हींची भेसळ केली की.

पहिली रीत, सगळे अणू (अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या):
तूट = (अणुअंक × हायड्रोजन-१ च्या अणूचं वस्तुमान) + (न्यूट्रॉनसंख्या × न्यूट्रॉनचं वस्तुमान) − अणूचं वस्तुमान

हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन आहेत आणि दोन हायड्रोजन अणूंतही दोनच. वजाबाकीत ते आपसूक कटतात. इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान कुठे लिहायलाही नको.

दुसरी रीत, सगळं उघडं:
तूट = (अणुअंक × प्रोटॉनचं वस्तुमान) + (न्यूट्रॉनसंख्या × न्यूट्रॉनचं वस्तुमान) − उघड्या केंद्रकाचं वस्तुमान

इथे केंद्रकाचं वस्तुमान म्हणजे अणूच्या वस्तुमानातून सगळ्या इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान वजा केलेलं. हेलियम-४ साठी ते ४.००१५०६ यू येतं.

आता भेसळ केली तर काय होतं ते पाहा. प्रोटॉनचं वस्तुमान घेतलं आणि समोर अणूचं ठेवलं: २.०१४५५२ + २.०१७३३० − ४.००२६०३ = ०.०२९२७९ यू, म्हणजे २७.२७ एमईव्ही. खरं उत्तर २८.३० आहे. १.०२ एमईव्ही गेले कुठे? बरोबर दोन इलेक्ट्रॉनांचे. एका इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची किंमत ०.५११ एमईव्ही असते. उलटी भेसळ केली, हायड्रोजनच्या अणूसमोर उघडं केंद्रक ठेवलं, की उत्तर तितकंच फुगून २९.३२ होतं.

लोहात हा फटका २६ इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे १३.३ एमईव्हीचा बसतो आणि प्रति न्यूक्लिऑन ८.७९ ऐवजी ८.५५ येतं. युरेनियमला ४७ एमईव्ही. ८.५५ बघून कुणालाच संशय येत नाही.

प्रश्नात काय दिलंय ते ओळखायचं कसं? तिसऱ्या दशांशानंतरचा आकडा पाहा. १.००७२… असेल तर तो सुटा प्रोटॉन, १.००७८… असेल तर हायड्रोजनचा अणू. हेलियमचं ४.००२६ म्हणजे अणू, ४.००१५ म्हणजे अल्फा कण, हेलियमचं उघडं केंद्रक. एवढे चार आकडे पाठ असावेत. काही प्रश्नसंचांत १.००७८ या आकड्यापुढे ‘प्रोटॉनचं वस्तुमान’ असं छापलेलं आढळतं. तिथे लेबलावर जाऊ नका. तो आकडा हायड्रोजन अणूचाच आहे, तेव्हा पहिली रीत वापरा आणि इलेक्ट्रॉन वेगळे वजा करू नका.

इलेक्ट्रॉन अणूत बांधलेले असतात, त्यांचीही थोडी बंधनऊर्जा असते, ती आपण धरत नाही. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला मिळून ७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. केंद्रकाची बंधनऊर्जा २ कोटी ८३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. जड अणूंतही हा वाटा एक हजारांशाच्या आतच राहतो.

*पडताळा:* गणिताच्या पहिल्या ओळीत ‘सगळे अणू’ किंवा ‘सगळं उघडं’ असं लिहा. मगच आकडे मांडा.

टप्पा ४: वजाबाकी, हाताने आणि पूर्ण

हेलियम-४. अणुअंक २, न्यूट्रॉन ४ − २ = २. सगळे अणू.

२ × १.००७८२५ = २.०१५६५०
२ × १.००८६६५ = २.०१७३३०
बेरीज = ४.०३२९८०
वजा अणू = ४.००२६०३
तूट = ०.०३०३७७ यू

लोह-५६. अणुअंक २६, न्यूट्रॉन ३०.

२६ × १.००७८२५ = २६.२०३४५०
३० × १.००८६६५ = ३०.२५९९५०
बेरीज = ५६.४६३४००
वजा अणू = ५५.९३४९३६
तूट = ०.५२८४६४ यू

न्यूट्रॉनसंख्येच्या जागी अणुवस्तुमानांक घालणारे दरवर्षी भेटतात: ३० ऐवजी ५६. तूट २६ यूच्या वर जाते, अणूच्या जवळजवळ निम्म्या वस्तुमानाइतकी. तेवढ्यावर तरी थांबायला हवं.

*पडताळा:* तूट नेहमी धन यायला हवी, आणि कार्बनपासून पुढे अणूच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याच्या किंचित आत. लोहाची ०.५३ भागिले ५६ म्हणजे ०.९४ टक्के. ठीक.

टप्पा ५: ऊर्जेत रूपांतर

तूट यूमध्ये असेल तर सरळ ९३१.४९४ ने गुणा.

हेलियम: ०.०३०३७७ × ९३१.४९४ = २८.३० एमईव्ही
लोह: ०.५२८४६४ × ९३१.४९४ = ४९२.२६ एमईव्ही

*सावध:* ९३१.४९४ मध्ये प्रकाशवेगाचा वर्ग आधीच धरलेला आहे. पुन्हा त्याने गुणायचं नाही.

उत्तर जूलमध्ये हवं असेल तर दुसरा रस्ता धरा. ०.०३०३७७ यूला १.६६०५४ × १०⁻²⁷ ने गुणलं की ५.०४४ × १०⁻²⁹ किलोग्रॅम. त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने, म्हणजे ८.९८८ × १०¹⁶ ने गुणलं की ४.५३४ × १०⁻¹² जूल. १.६०२ × १०⁻¹³ ने भागा, पुन्हा २८.३० एमईव्ही मिळतात. या रस्त्यावर वर्ग करायला विसरणं ही नेहमीची चूक. तिने उत्तर तीस कोटी पटीने घसरतं.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. टेबल चार आकड्यांचं असतं, त्याला सहावा दशांश दिसतच नाही. वजाबाकी पूर्ण होईपर्यंत टेबल उघडू नका. २६ × १.००७८२५ सुद्धा हातानेच करा. तूट हातात आली की मग टेबलाची पाळी:

लॉग ०.५२८५ = −१ + ०.७२३०
लॉग ९३१.५ = २.९६९२
बेरीज = २.६९२२
अँटीलॉग = ४९२.३

चार आकड्यांपर्यंत उत्तर जुळलं, कारण तूट चार आकड्यांपर्यंत शाबूत होती.

टप्पा ६: प्रति न्यूक्लिऑन, आणि इथेच खरी तपासणी

एकूण बंधनऊर्जेला अणुवस्तुमानांकाने भागा. अणुअंकाने नाही, न्यूट्रॉनसंख्येनेही नाही. हेलियम: २८.३० ÷ ४ = ७.०७ एमईव्ही. लोह: ४९२.२६ ÷ ५६ = ८.७९ एमईव्ही.

दोन केंद्रकांची तुलना करायची ती याच आकड्यावर. एकूण बंधनऊर्जा युरेनियमची लोहाच्या साडेतीन पटीहून जास्त आहे, पण न्यूक्लिऑनच चौपटीहून जास्त आहेत. ‘एकूण जास्त म्हणून युरेनियम जास्त स्थिर’ हे विधान या एका भागाकाराने निकालात निघतं.

तपासणीसाठी हे आकडे लक्षात ठेवा: ड्यूटेरॉन १.११, हेलियम-४ ७.०७, लिथियम-७ ५.६१, कार्बन-१२ ७.६८, ऑक्सिजन-१६ ७.९८, लोह-५६ ८.७९, युरेनियम-२३५ ७.५९. कार्बन-१२ पासून पुढची स्थिर केंद्रकं साधारण ७.४ ते ८.८ च्या पट्ट्यात बसतात. ८.८ च्या वर तर काहीच जात नाही. आवर्तसारणीतला ५५.८४५ चुकून वापरला असता तर लोहाला १०.२९ आलं असतं, आणि चूक इथेच पकडली गेली असती. ५६ घालून आलेलं ७.७१ किंवा भेसळीचं ८.५५ मात्र या गाळणीतून खाली उतरतं. त्यासाठी टप्पा २ आणि ३ ला पर्याय नाही.

हेलियमनंतर लिथियमला आकडा खाली येतो, ही तुमची चूक नाही. आलेख तिथे खरोखरच खाली येतो, आणि हेलियम-४ चं टोक शेजाऱ्यांपेक्षा ठळक उंच आहे.

जाता जाता: ‘प्रति न्यूक्लिऑन सर्वाधिक बंधनऊर्जा लोह-५६ ची’ असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. बारकाईने पाहिलं तर हा मान निकेल-६२ कडे जातो. त्याच्या अणूचं वस्तुमान ६१.९२८३४५ यू, तूट ०.५८५३६५ यू, प्रति न्यूक्लिऑन ८.७९५, लोह-५६ चे ८.७९०. पर्यायांत निकेल-६२ नसेल तर लोह-५६ वर खूण करा, वाद घालत बसू नका.

टप्पा ७: अभिक्रियेतली ऊर्जा, दोन वाटांनी

युरेनियम-२३५ ने एक न्यूट्रॉन गिळला आणि बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन निघाले, असं धरा. तारापूरच्या अणुभट्ट्यांत युरेनियम-२३५ फुटतं तेव्हा तुकड्यांच्या अनेक जोड्या संभवतात, ही त्यांतली एक.

पहिली वाट वस्तुमानाची. इथे आधीचं वजा नंतरचं.

आधी: २३५.०४३९३० + १.००८६६५ = २३६.०५२५९५
नंतर: १४०.९१४४११ + ९१.९२६१५६ + ३ × १.००८६६५ = २३५.८६६५६२
फरक = ०.१८६०३३ यू = १७३.३ एमईव्ही

इलेक्ट्रॉन दोन्हीकडे ९२. ५६ + ३६ बरोबर ९२ होतात. कटले.

दुसरी वाट बंधनऊर्जेची. इथे उलट, नंतरची वजा आधीची.

बेरियम-१४१: ११७४.० एमईव्ही
क्रिप्टॉन-९२: ७८३.२ एमईव्ही
युरेनियम-२३५: १७८३.९ एमईव्ही
११७४.० + ७८३.२ − १७८३.९ = १७३.३ एमईव्ही

दोन्ही वाटांनी उत्तर एकच यायला हवं. ऋण आलं असेल तर बहुतेक वजाबाकीची दिशा उलटली आहे.

*सावध:* दुसऱ्या वाटेत सुट्या न्यूट्रॉनांसाठी काहीही धरायचं नाही. सुट्या कणाची बंधनऊर्जा शून्य. आणि प्रति न्यूक्लिऑनचे आकडे (८.३३, ८.५१, ७.५९) थेट वजा करू नका, प्रत्येकाला आपापल्या अणुवस्तुमानांकाने गुणूनच पुढे जा.

पुस्तकात २०० एमईव्ही लिहिलेलं असतं आणि आपलं १७३ येतं, म्हणून घाबरू नका. हे तुकडे किरणोत्सारी असतात. पुढे त्यांचा ऱ्हास होताना आणखी ऊर्जा निघते, आणि तुकड्यांच्या जोडीनुसारही आकडा बदलतो. २०० ही ठोकळ बेरीज आहे.

त्या २०० वरूनही एक गैरसमज दूर होतो. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर सुमारे ८.२ × १०¹⁰ जूल उष्णता मिळते, म्हणजे जवळपास एक मेगावॅट सलग एक दिवस. एवढ्यात वस्तुमान कमी होतं ते फक्त ०.९ मिलिग्रॅम. बाकी सगळं तुकड्यांच्या आणि न्यूट्रॉनांच्या रूपात तिथेच असतं. ‘एक ग्रॅम पदार्थाचं ऊर्जेत रूपांतर’ हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर इथे लिहिलंत तर ते हजार पटीने फुगलेलं असेल.

टप्पा ८: इलेक्ट्रॉन कटत नाहीत तो अपवाद

पहिल्या रीतीवर हात बसला की ‘इलेक्ट्रॉन कटतातच’ असं अंगवळणी पडतं. अल्फा ऱ्हासात हेलियमच्या अणूचं वस्तुमान घेतलंत तर कटतात. बीटा-ऋण ऱ्हासातही अणूंची वस्तुमानं सरळ वजा करून चालतं; बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन नव्या अणूच्या जादा इलेक्ट्रॉनात जमा होतो. पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर पडला की मात्र हिशेब मोडतो.

कार्बन-११ पासून बोरॉन-११ होताना ११.०११४३४ − ११.००९३०५ = ०.००२१२९ यू, म्हणजे १.९८३ एमईव्ही. इथे थांबलात तर चुकलात. कार्बनच्या अणूत सहा इलेक्ट्रॉन, बोरॉनच्या अणूत पाच. एक इलेक्ट्रॉन शिल्लक राहिला, आणि वर पॉझिट्रॉनचं वस्तुमानही तितकंच. दोघांचे मिळून २ × ०.५११ = १.०२२ एमईव्ही वजा करायचे, की उत्तर येतं ०.९६१ एमईव्ही.

*पडताळा:* अणूंच्या वस्तुमानातला फरक १.०२२ एमईव्हीपेक्षा कमी भरत असेल, तर पॉझिट्रॉन ऱ्हास होऊच शकत नाही. तिथे केंद्रकाला इलेक्ट्रॉन गिळण्याचाच मार्ग उरतो, आणि त्या मार्गाला हे १.०२२ वजा करायचे नसतात.